शाळाच पोरांच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

शाळेच्या दारात रडणाऱ्या पोराला धपाटा घालायचा नसतो, त्याची भीती घालवायची असते. ताराबाई मोडक यांनी आयुष्यभर हेच काम केलं.

त्यांचा जन्म १८९२ चा, मुंबईतला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्या बालशिक्षणाच्या कामात पडल्या. तिथल्या बालमंदिरात मार नव्हता, धाक नव्हता, बक्षिसाचं आमिषही नव्हतं.

१९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्तीतली पोरं बुजायची, येतच नसत. ताराबाईंनी त्यांना ओढून आणलं नाही; बालवाडीच वस्तीत नेली. घरापुढच्या अंगणात आधी अंघोळ, वेणीफणी, मग गाणी, गोष्टी, खेळ. घर जवळच, माणसं ओळखीची. पोरं हळूहळू मोकळी झाली. हीच अंगणवाडी!

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं गुरं राखणाऱ्या पोरांसाठी थेट रानात कुरणशाळा भरली. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या.

१९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाडी गावोगाव पोचली. आज तिथं पोर रडलं, तर ताराबाईंची रीत साधी आहे: आधी जवळ घ्या, अक्षरं नंतर.