गणिताचे शिक्षक अण्णासाहेब कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे हे नाव आपणांस विधवांच्या आश्रमामुळे ठाऊक आहे. ते मुळात गणिताचे शिक्षक होते, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. मुलींना मुलांसारखेच शिकवावे की निराळे, हा प्रश्न त्यांना सुटला नव्हता. आपल्या शाळांतूनही तो सुटलेला नाही.

18 एप्रिल 1858 रोजी आपल्याच जिल्ह्यातील शेरवली येथे त्यांचा जन्म झाला. बालपण दापोलीजवळच्या मुरूड गावी गेले. 1875 साली परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाट चढून ते पायी साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसते एवढ्याच कारणावरून त्यांना परत पाठविण्यात आले! पुढे 1884 मध्ये ते बी. ए. झाले. मुंबईत मुलींच्या शाळांतूनही त्यांनी गणित शिकविले आणि 1891 पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते प्राध्यापक झाले.

तेथे आगरकर होते. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे व तेही एकत्र द्यावे, हे आगरकरांचे मत. कर्व्यांची वाट निराळी. 1893 साली त्यांनी विधवा गोदूबाईंशी विवाह केला. मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. 1896 मध्ये आश्रम निघाला, 1900 मध्ये तो हिंगण्यास गेला. कॉलेज आटोपून अण्णासाहेब चिखल तुडवीत तेथे शिकविण्यास जात.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. पहिल्या वर्गात विद्यार्थिनी पाच! माध्यम मातृभाषा, विषयांत गृहशास्त्र व आरोग्यशास्त्र, आणि पदवीचे नाव गृहीतागमा. 1920 साली ठाकरसींनी 15 लाखांची देणगी दिली.

मातृभाषेचा निर्णय अगदी योग्य होता. तो मुलांनाही लागू करावयास हवा होता. परंतु घर सांभाळणे हे स्त्रीचेच काम धरून आखलेला अभ्यासक्रम मला पटत नाही. बीजगणिताच्या उत्तरपत्रिकेवरील नाव झाकले, तर ती मुलाची की मुलीची हे कोणत्या परीक्षकाला ओळखता येईल? तथापि, आपणच विचार करा, त्या काळी असे निराळे दार नसते तर किती पालकांनी मुली पाठविल्या असत्या?

अण्णासाहेब 9 नोव्हेंबर 1962 रोजी, वयाच्या 105 व्या वर्षी निवर्तले. त्यांच्याच विद्यापीठाने 1997 साली मुंबईत मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. तेथे गणिताशिवाय प्रवेश नाही.