कर्नल साइक्स आणि चालट मासा

गेल्या वर्षीं मृग निघण्यापूर्वीं आमच्या शाळेंतील वरच्या वर्गाच्या चार विद्यार्थ्यांनीं धाडजवळच्या एका तलावांतून दोन चालट मासे आणून विज्ञानाच्या खोलींतील कांचेच्या पेटींत सोडले. हा मासा सुरीच्या पात्यासारखा चपटा असतो. पाठीवर पिसाएवढा एक लहानसा पर, आणि पोटाखालून थेट शेपटीपर्यंत गेलेली लांब झालर. ही झालर लाटेसारखी हालवून तो जसा पुढें तसाच मागेंही पोहतो. त्या जोडीस पिलें व्हावीं अशी मुलांची फार इच्छा होती, आणि पुस्तकाच्या भरंवशावर आम्हीही त्यांस होकार दिला.

वर्ष सरलें, अंडीं कांहीं पडलीं नाहींत, आणि उन्हाळ्यांत एक मासा मेला. पुढें एका वृद्ध भोयास आम्ही कारण विचारलें. त्यानें सांगितलें कीं, हा मासा दिवसां अंधारांत दडतो व रात्रीं चरतो. पावसाचें नवें पाणी आल्यावांचून अंडीं घालीत नाहीं. आणि घातलेलीं अंडीं दगडांस किंवा पाणवनस्पतींस चिकटवून त्यांची राखण करितो. आम्ही पेटी उजेडाच्या खिडकींत ठेविली होती, तळ धुवून उघडा केला होता, आणि पावसाळाभर विहिरीचेंच पाणी घातलें होतें. चूक मुलांची नव्हती. विचारावयाचें तें आम्हीच विचारलें नव्हतें.

त्या दिवशीं आम्हांस ज्या पुरुषाची आठवण झाली, त्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म ता. २५ जानेवारी १७९० रोजीं झाला. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेंत ते सन १८०४ मध्यें दाखल झाले, तेव्हां त्यांचें वय अवघें चौदा वर्षांचें होतें. म्हणजे आमच्या इंग्रजी शाळेंतील मुलांएवढेंच. पुढच्याच वर्षीं भरतपूरच्या वेढ्यांत ते हजर होते. सन १८१७ मध्यें खडकी येथें पेशव्यांच्या फौजेशीं जी लढाई झाली तींतही ते लढले, व नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या कामीं होते. ते आपल्या देशांत आले ते तरवार घेऊन आले, ही गोष्ट लपविण्याचें कारण नाहीं.

परंतु त्यांच्या आयुष्यास खरें वळण लागलें तें सन १८२४ मध्यें. मुंबईचे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं त्यांस दक्षिण प्रांताची सर्व प्रकारची माहिती जमविण्याच्या कामावर नेमिलें. गांवें, माणसें, जमिनी, पिकें व कर यांची मोजदाद करणें हें त्यांचें काम; आणि तें सरकारच्या वसुलीच्या सोयीसाठीं होतें, हेंही खरें. तथापि साइक्स साहेबांची जिज्ञासा वसुलीच्या वहींत मावणारी नव्हती. त्यांनीं हवेचा दाब व पाऊस मोजला, पक्षी व पशू यांच्या याद्या केल्या, आणि नद्यांतील मासे तपासले. वेरूळच्या लेण्यांचें वर्णन तर त्यांनीं या नेमणुकीपूर्वींच लिहिलें होतें. सन १८२९ च्या अखेरीस त्यांची जागा सरकारनें मोडली. पण हातीं घेतलेलें काम अपुरें टाकणें त्यांस रुचलें नाहीं. तें पुरें करून मगच, सन १८३१ च्या आरंभीं, ते स्वदेशीं निघाले.

दक्षिणेंतील माशांविषयींचा त्यांचा लेख लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक संस्थेनें सन १८३९ मध्यें छापिला. नव्या माशांस लॅटिन नांवें देतांना पुष्कळ ठिकाणीं त्यांनीं येथील लोकांच्या तोंडचें नांवच उचललें. कोळस, खुद्री, मल्या हे शब्द पुण्याच्या मुळामुठेच्या व इतर नद्यांच्या काठचे. ते आज साऱ्या जगाच्या शास्त्रग्रंथांत आहेत. टोर खुद्री हें महाशीर माशाचें नांव कोणत्याही देशांतील पंडितास असेंच घ्यावें लागतें.

आमच्या चालटासही साइक्स साहेबांनीं एक नांव दिलें होतें: मिस्टस बडजी. भीमा नदीवर पेडगांवाजवळ तो त्यांस मिळाला. परंतु पालास नांवाच्या पंडितानें सन १७६९ मध्येंच या जातीचें वर्णन केलेलें असल्यामुळें, पहिल्या नांवास मान या शास्त्रांतील नियमाप्रमाणें साइक्स साहेबांचें नांव मागें पडलें. आज या माशास नोटोप्टेरस नोटोप्टेरस म्हणतात. शास्त्रांत थोरामोठ्याचाही शब्द असा बाजूस सारला जातो, आणि त्यांत त्याचा अपमान नसतो.

स्वदेशीं परतल्यावर सन १८३४ मध्यें ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. त्याच वर्षीं लंडनांत संख्याशास्त्राची जी संस्था निघाली तिच्या संस्थापकांत ते होते, व पुढें तिचे अध्यक्षही झाले. सन १८४० मध्यें कंपनीचे डायरेक्टर, सन १८५६ मध्यें चेअरमन, आणि सन १८५७ पासून अ‍ॅबरडीन शहरातर्फे पार्लमेंटाचे सभासद अशा पायऱ्या ते चढले. ता. १६ जून १८७२ रोजीं लंडन येथें त्यांचा अंत झाला.

आतां एक गोष्ट आमच्या मनास लागून राहते. ज्या भोयांनीं जाळीं टाकून ते मासे काढिले व त्यांचीं नांवें सांगितलीं, त्यांपैकीं एकाचेंही नांव आज कोणाच्या ओठीं नाहीं. शब्द त्यांचा राहिला, माणूस विसरला गेला. हें ऋण कोणी फेडावयाचें असेल तर तें आपणच, ज्यांची ती भाषा आहे त्यांनीं. आणि तें फेडण्याची वाट अगदीं जवळ आहे. लोणावळ्यास वळवणच्या तलावाकांठीं टाटांच्या वीज कंपनीनें सन १९७० नंतरच्या काळांत त्याच खुद्री महाशिराचीं अंडीं उबवून पिलें वाढविण्याचें काम चालविलें, आणि तीं पिलें दूरदूरच्या पाण्यांत सोडलीं. नांव ठेवणें ही पहिली पायरी. वंश राखणें ही पुढची.

मुलांनो, पेटींत उरलेला चालट आम्हीं त्याच्या तलावांत परत सोडला आहे. यंदा मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला कीं वृद्ध भोईबाबा आपणांस तलावाच्या कांठीं नेणार आहेत. अंडीं कोठें असतात तें ते दाखवितील. येतांना प्रत्येकानें वही आणावी. पहिल्या पानावर तारीख व पावसाचा आंकडा लिहावा, आणि त्याखालीं, ज्यानें आपणांस ही विद्या सांगितली त्याचें नांव.