मातीचा हिशेब मांडणारे लीबिग

खरिपाची पेरणी तोंडावर आली की खेडोपाडी खतांच्या पोत्यांची चर्चा सुरू होते. पोत्यावर छापलेले नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे आकडे शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. पिकाचे पोषण असे आकड्यांत मांडता येते, हा विचार जगाच्या गळी उतरवण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा होता, त्या युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञांचा जन्म १२ मे १८०३ रोजी डार्मस्टाट येथे झाला.

वडिलांचा रंग आणि रसायनांचा व्यापार होता. घरच्या कार्यशाळेत लहानग्या युस्टुसचे हात रसायनांत रमले. शाळेत मात्र मन रमले नाही. शाळा अर्ध्यावर सुटली. औषधे बनवणाऱ्याकडची उमेदवारीही फार काळ टिकली नाही. याच सुमारास युरोपवर मोठे संकट कोसळले. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या राखेमुळे पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. पिके बुडाली, भाकरी महागली, उपासमार पसरली. लीबिग तेव्हा तेरा वर्षांचे होते. जमिनीतून पुरेसे अन्न काढणे हा त्यांच्या पिढीसाठी पुस्तकी प्रश्न नव्हता.

हेसच्या ग्रँड ड्यूकने दिलेल्या शिष्यवृत्तीवर १८२२ मध्ये ते पॅरिसला गेले. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या शिफारशीमुळे गे-ल्युसॅक यांच्या प्रयोगशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी, ते गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांनी केवळ व्याख्याने न ऐकता स्वतःच्या हाताने प्रयोग करावेत, ही त्यांची पद्धत. १८३१ मध्ये त्यांनी काचेच्या पाच गोळ्यांचे एक साधे उपकरण तयार केले. सेंद्रिय पदार्थ जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जाई आणि उपकरणाच्या वाढलेल्या वजनावरून कार्बनचे प्रमाण कळे. तराजूवरचा हा विश्वास त्यांनी पुढे शेतीतही आणला.

त्या काळी वनस्पती जमिनीतील ह्यूमसवर, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांवर, पोसल्या जातात असे मानले जाई. लीबिग यांनी १८४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शेती-रसायनशास्त्रावरील ग्रंथात या समजुतीवर घाव घातला. वनस्पती कार्बन हवेतून घेतात. स्फुरद, पालाश, चुना यांसारखी खनिजे मात्र त्यांना जमिनीतूनच मिळतात. पीक कापून शहरात विकले की ही खनिजेही शेताबाहेर जातात. ती परत दिली नाहीत, तर शेती ही जमिनीची लूट ठरते, असा इशारा त्यांनी दिला. शहरांचा मैला नदीत सोडण्यापेक्षा तो शेताकडे परत जावा, यासाठीही त्यांनी लंडनच्या कारभाऱ्यांकडे आग्रह धरला.

लीबिग यांचे नाव ज्या नियमाशी जोडले गेले तो न्यूनतमाचा नियम सांगतो, की जे अन्नद्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी असेल, तेच पिकाच्या वाढीची मर्यादा ठरवते. बाकीची अन्नद्रव्ये कितीही ओतली तरी उत्पादन त्यापुढे सरकत नाही. हा विचार कार्ल स्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञांनी त्याआधीच, १८२८च्या सुमारास मांडला होता. लीबिग यांच्या लेखणीने तो जगभर पोचला आणि श्रेयही त्यांच्याकडे गेले. आज जर्मनीत दोघांच्या संयुक्त नावाने पदक दिले जाते.

ग्रंथाच्या यशानंतर लीबिग स्वतःच खत बाजारात आणण्यास निघाले. १८४५ मध्ये लिव्हरपूलचे उद्योजक जेम्स मस्प्रॅट यांच्या कारखान्यात त्यांचे पेटंट खत तयार होऊ लागले. पावसाने खनिजे वाहून जातील या भीतीने त्यांनी ती भट्टीत वितळवून पाण्यात न विरघळणारी केली. भीती अनाठायी होती आणि उपाय घातक. खत जमिनीत पडून राहिले, मुळांना मिळालेच नाही. पिकांनी दाद दिली नाही, शेतकऱ्यांनी पाठ फिरवली.

दुसरी चूक अधिक खोल होती. पावसाबरोबर हवेतून अमोनियाच्या रूपाने पिकाला पुरेसे नत्र मिळते, असे लीबिग यांचे मत बनले होते. म्हणून त्यांच्या खतात नत्राला स्थान नव्हते. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ पासून गव्हाच्या शेतात निरनिराळ्या वाफ्यांना निरनिराळी खते देऊन पाहिली. नुसत्या खनिजांनी गहू फारसा वाढला नाही. अमोनियाचे क्षार दिले तेव्हा कणसे भरली. गिल्बर्ट हे गीसेनला लीबिग यांच्याच हाताखाली शिकलेले होते. न्यूनतमाचा नियम घरोघरी पोचवणाऱ्या गुरूच्या खतात नेमके नत्रच न्यूनतम होते आणि ते शिष्याने दाखवून दिले.

इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ जॉन थॉमस वे यांनी १८५०च्या सुमारास सिद्ध केले, की माती स्वतःच पालाश व अमोनिया धरून ठेवते. लीबिग यांची पावसाची भीती व्यर्थ होती. १८६२ मध्ये ग्रंथाच्या सातव्या आवृत्तीत त्यांनी खत न विरघळणारे करण्यातली आपली चूक जाहीरपणे मान्य केली. नत्राच्या प्रश्नावर मात्र रोथॅमस्टेडशी त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला. मोठ्या माणसाचा अहंकार आणि प्रामाणिकपणा दोन्ही या प्रकरणात दिसतात.

१८५२ मध्ये ते म्युनिकला गेले आणि १८ एप्रिल १८७३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. गीसेनचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि त्यांची जुनी प्रयोगशाळा संग्रहालय झाली आहे. रोथॅमस्टेडचा गव्हाचा प्रयोगही अद्याप सुरू आहे.

आता वनस्पतींना आवश्यक अशी १७ मूलद्रव्ये मानली जातात. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा व पाण्यातून मिळतात. उरलेली प्रामुख्याने जमिनीतून. भारतात २०१० पासून पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आले, पण युरिया त्याबाहेर राहिला. तो इतर खतांपेक्षा खूपच स्वस्त असल्याने शेतकऱ्याचा हात त्याच्याकडेच वळतो. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत मात्र जस्त आणि लोह यांची उणीव आढळते. तेथे युरियाचे आणखी एक पोते टाकल्याने पान हिरवे दिसेल, पण जस्ताची जागा भरणार नाही. पैसा मात्र जाईल. कोणते अन्नद्रव्य कमी आहे हे माती परीक्षणाशिवाय कळत नाही. ही गोष्ट अंदाजावर सोडली, तर लीबिग यांच्यासारख्यांचेही गणित चुकते. पेरणीपूर्वी मूठभर माती तपासून घेणे त्या मानाने फारच स्वस्त आहे.