शाळेनंतरचे आयुष्य आणि बाबा आमटे

अपंग मुलाला शाळेत घालावे की घरी बसवावे, हा वाद आता निदान कागदावर तरी मिटला आहे. 2016 च्या कायद्याने ठरावीक प्रमाणाबाहेर अपंगत्व असलेल्या मुलाला वयाच्या सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा 1995 च्या कायद्यात तीन टक्के होत्या, त्या चार टक्के झाल्या. ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला. परंतु अठरावे वर्ष उलटले की काय, या प्रश्नापाशी हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरसारख्या गावातले पालक आणि शिक्षक दोघेही थबकतात. गाव शेतीवर, त्यातही कापसावर जगणारे. मुलगा दहावी-बारावी झाला, त्याला वाचता-लिहिता येते, पण शेतात जाता येत नाही आणि दुसरे काम कोणी देत नाही. शाळेने त्याला परीक्षेसाठी तयार केले. मिळवत्या माणसाच्या आयुष्यासाठी कोणी तयार केले नाही. या प्रश्नाला ज्याने सर्वांत कठीण जागी हात घातला, तो मनुष्य याच तालुक्यात जन्मला होता, हे आठवणे अप्रस्तुत ठरू नये.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाट येथे झाला. घराणे जमीनदारीचे, वडील सरकारी अधिकारी. लहानपणीच हाती बंदूक आली, पुढे दारात मोटार आली, इंग्रजी चित्रपटांवर लिहिण्याचा छंद जडला. नागपूरला कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली सुरू केली आणि ती चांगली चालली. सेवेचा मार्ग धरणारी बहुतेक माणसे दारिद्र्य पाहून हेलावतात. आमटे यांना आधी स्वतःच्या सुखाचा कंटाळा आला असावा. 1942 च्या चळवळीत पकडलेल्यांचे खटले चालवण्यासाठी त्यांनी वकिलांना एकत्र केले. सेवाग्राम जवळच होते, गांधीजींचा सहवास घडला. गोऱ्या सैनिकांच्या तावडीतून एका मुलीला सोडवण्यासाठी ते एकटे भिडले, म्हणून गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटले. 1946 मध्ये इंदू घुले यांच्याशी विवाह झाला. त्याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या.

वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना भंगीकाम करणाऱ्यांचे दुःख समजावे म्हणून आमटे यांनी स्वतः मैल्याच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या. अशाच एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेला त्यांना तुळशीराम दिसला. महारोगाने बोटे झडलेली, अंगात किडे पडलेले. अभयसाधक म्हणून गौरवलेला हा माणूस घाबरून घरी पळाला. त्या पळण्याची लाज त्यांना पुढे स्वस्थ बसू देईना. ते परत फिरले, तुळशीरामवर आडोसा उभारला, त्याची शुश्रूषा केली. तो वाचला नाही. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी 1936 पासून कुष्ठरुग्णांची वसाहत चालवली होती. हे काम त्यांनी तेथे पाहिले, आणि नंतर कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत जाऊन कुष्ठरोगाचे रीतसर शिक्षण घेतले. तेथे प्रयोगासाठी त्यांनी आपल्या शरीरात जंतू टोचून घेतले. प्रयोग सफल झाला नाही.

1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि 1951 च्या जूनमध्ये वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर आनंदवनाचे उद्घाटन विनोबांच्या हस्ते झाले. बरोबर सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा, चौदा रुपये, पत्नी आणि दोन तान्ही मुले. पहिले काम विहीर खणण्याचे. ती खणली बोटे नसलेल्या हातांनी. येथेच बाबा इतर सेवाभावी माणसांहून वेगळे पडतात. मलमपट्टी करून रुग्णाला खाटेवर बसवून जेवू घालणे त्यांना मान्य नव्हते. भिक्षा मिळाली की माणूस उरलासुरलाही संपतो आणि काम मिळाले की तो पुन्हा उभा राहतो, या विश्वासावर त्यांचे सारे काम उभे होते.

पण काम करून भागत नाही, कामाचे फळ कोणी विकत घ्यावे लागते. आनंदवनात भाजीपाला पिकू लागला, तेव्हा वरोऱ्यातली गिऱ्हाइके ती घेईनात. माल उत्तम होता. दोष पिकवणाऱ्या हातांचा मानला गेला. अपंगांना व्यवसायशिक्षण देणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पाठ करावी, कारण आजही शिक्षण देऊन संस्था थांबते आणि बाजाराच्या दारात विद्यार्थी एकटा उभा राहतो. 1954 मध्ये आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक आनंदवनात आले, इमारती बांधू लागले, तिथलेच अन्न खाऊ लागले. गोऱ्या परदेशी तरुणांना काही होत नाही हे डोळ्यांनी पाहिल्यावर गावाची भीती ओसरली आणि भाजी खपू लागली. ज्या भीतीपुढे स्वदेशी डॉक्टरांचे सांगणे चालले नाही, ती परदेशी पाहुण्यांच्या पंगतीने गेली. आपल्या समाजाला हे फारसे भूषणावह नाही.

पुढे आनंदवनात हातमाग आले, छपाई, शिवणकाम, सुतारकाम, चपला बनवणे आले. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही, फोड आलेला कळत नाही, बधिर पायाला काटा समजत नाही. म्हणून अवजाराची मूठ बदलावी लागते, तळव्यासाठी मऊ रबराची चप्पल लागते. माणूस कामाला अयोग्य, असे म्हणण्यापूर्वी अवजार माणसाला अयोग्य आहे काय, हे तपासावे लागते. ही साधी बाब आपल्या कार्यालयांना आणि कारखान्यांना अजून पुरती उमगलेली नाही. कुष्ठरोगापुरते सुरू झालेले काम इतर अपंगांपर्यंत गेले. 1966 मध्ये अंधांची शाळा निघाली, पुढे मूकबधिरांची निघाली. आणि संधिनिकेतन या नावाने निरनिराळ्या अपंगत्वाच्या तरुणांना धंदेशिक्षण देणारी कार्यशाळा उभी राहिली. तिच्या नावातच तिचे धोरण आहे: उणीव भरून काढण्याआधी संधी. एकाच आवारात शाळा, कार्यशाळा, काम आणि त्या कामाचा मोबदला होता. शिकून बाहेर पडलेल्या मुलाला पुढच्या पायरीसाठी दुसऱ्या कचेरीचे दार ठोठावावे लागत नव्हते.

शिवाय केवळ रोजगार म्हणजे प्रौढ आयुष्य नव्हे, हेही बाबांनी ओळखले होते. आनंदवनात विवाह झाले, जोडप्यांना सुखसदनात घरे मिळाली, म्हाताऱ्यांना आसरा मिळाला. अपंग म्हटला की त्याला आयुष्यभर कुणाचे तरी मूल समजणारा आपला समाज. तेथे त्याला नवरा, बायको, शेजारी, कारागीर होता आले. आणि दाताही होता आले. 1964 मध्ये वरोऱ्यात आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले, पाठोपाठ कृषी महाविद्यालय. ज्यांच्या हातची भाजी गाव घेत नव्हते, त्यांच्या श्रमांतून गावच्या धडधाकट मुलांना पदवीचे शिक्षण मिळाले. 1967 मध्ये सोमनाथ, 1973 मध्ये हेमलकसा, हा विस्तार पुढचा.

बाबा स्वतः अपंग झाले होते, हे पुष्कळदा विसरले जाते. मणक्याच्या विकाराने त्यांना बसता येईना. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे पडायचे. तरी 1985-86 मध्ये कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली. तरुण सायकलींवर, बाबा वाहनात आडवे. 1990 मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला जाऊन राहिले. काम सोडले नाही, काम करण्याची रीत बदलली. 9 फेब्रुवारी 2008 रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार तेथल्याच मातीत त्यांना पुरण्यात आले.

या थोर कार्याची एक बाजू मात्र अवघड आहे आणि ती नजरेआड करणे बाबांवर अन्याय करण्यासारखे होईल. आनंदवन उभे राहिले, कारण गावांनी आपली माणसे बाहेर टाकली होती. ते गावाला पर्याय म्हणून वसलेले गाव होते. त्याच्या यशाने समाजाची एक सोय झाली: अपंगांची व्यवस्था कुठे तरी होते आहे, या समाधानात गाव पुन्हा निश्चिंत झाले. कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार 1980 च्या दशकात आले आणि रोग बरा होऊ लागला. तरीही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून जायला 2019 उजाडावे लागले. अल्लीपूरच्या मुलाला वरोऱ्याला पाठवणे हे त्याच्या प्रश्नाचे उत्तर नाही. त्याला आपल्याच गावात, दुकानात, दुरुस्तीच्या टपरीवर, पतसंस्थेत वा ग्रामपंचायतीत बसायला जागा हवी. ती तयारी आठवीपासून व्हायला हवी: बँकेचे खाते स्वतः चालवणे, एकट्याने प्रवास करणे, सुट्टीत कोणाच्या तरी दुकानात उमेदवारी करणे. यातले पुष्कळसे शाळेच्या वेळापत्रकात बसते आणि त्याला वेगळे अनुदान लागत नाही. पण त्यासाठी गावातल्या दुकानदाराने हो म्हणावे लागते आणि तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेपर्यंत रोज पोहोचता यावे लागते. एस.टी.च्या भाड्यात अपंगांना मोठी सवलत आहे. बहुतेक गाड्यांची पहिली पायरी मात्र अजून गुडघ्याइतकी उंच आहे.