फ्लॉरेन्स नाइटिंगेल : दिवा आणि हिशेब

हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांची विचारपूस करणाऱ्या नाइटिंगेलबाई सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचा हिशेब मात्र फारसा कुणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, श्रीमंत इंग्रज घराण्यात झाला. घरच्यांचा विरोध असूनही त्या परिचारिका झाल्या. क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ जणींना घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या. तिथे जखमांपेक्षा कॉलरा, हगवण, टायफसनेच जास्त माणसं दगावत होती. बाईंनी स्वच्छ कपडे, नीट जेवण यांची व्यवस्था लावली, तरी मृत्यू थांबेनात. इमारतीखालची गटारं तुंबलेली होती! मार्च १८५५ मध्ये सरकारी पथकानं ती साफ केली, आणि मग मृत्यू झपाट्यानं घटले.

मायदेशी परतल्यावर त्या आजारानं खिळल्या. पण अंथरुणातूनच त्यांनी मृत्यूंचे आकडे रंगीत आकृत्यांत मांडून सरकारला जागं केलं. १८६० मध्ये लंडनला परिचारिकांची शाळा काढली. हिंदुस्थानात कधी न येताही इथल्या लष्करी छावण्यांच्या आरोग्यासाठी त्या झटल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या गेल्या.

माझं आयुष्य बँकेत आकड्यांत गेलं, म्हणून सुचवतो : वार्षिक सभेत टाकी आणि ड्रेनेजच्या खर्चावर वाद निघाला, की बाईंची आठवण काढावी.