केडगावची ‘मुक्ती’ आणि पंडिता रमाबाई

सन १८८३ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंना वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींनी लंडनच्या फुलहॅम भागातील एक आश्रम दाखवला. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होत असे. अशा स्त्रियांना धर्मशास्त्राने सांगितलेल्या शिक्षा रमाबाईंना ठाऊक होत्या. त्यांची सेवा हा धर्माचाच भाग असू शकतो, हे त्यांना नवे होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ग्रंथांच्या या व्यासंगी विदुषीला नव्या धर्माकडे ओढणाऱ्या गोष्टींत तत्त्वचर्चेइतकाच हा आश्रमही होता.

अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ मध्ये जन्मली. आई-वडिलांनी तिला संस्कृत शिकवले. दुष्काळात दोघेही गेले. पुढे कोलकात्यात पंडितांनी १८७८ मध्ये रमाबाईंना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. १८८२ मध्ये पतीच्या निधनाने लहानग्या मनोरमेसह वैधव्य आले.

परदेशातून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई, म्हणजेच बाया कर्वे, येथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. सदन पुण्याला आले आणि १८९३ मध्ये वादळ उठले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, असा आक्षेप होता आणि तो निराधार नव्हता. मुलींवर सक्ती नव्हती, पण प्रार्थनेचे दारही रमाबाईंनी बंद केले नाही. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. श्रद्धा झाकून आधार टिकवण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही.

सन १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारे ३०० मुली-स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून दौंडजवळच्या केडगावच्या माळावर निवारा उभारला. तेच ‘मुक्ती सदन’. गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना अशी कामे स्त्रियाच शिकल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवली जाई. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. फुलहॅमला पाहिलेले घर असे केडगावात उभे राहिले.

अल्पशिक्षित स्त्रियांनाही समजावे म्हणून त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणले. मनोरमा १९२१ मध्ये गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये ‘मुक्ती’च्याच छापखान्यातून बाहेर पडले.