क्लारा शॉर्टरिज फोल्ट्झ
क्लारा शॉर्टरिज फोल्ट्झ (१६ जुलै १८४९ – २ सप्टेंबर १९३४) या अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पहिल्या महिला वकील होत. निर्धन आरोपीच्या बचावासाठी शासनाने पगारी वकील नेमावा आणि त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून करावा, या विचाराच्या त्या आद्य पुरस्कर्त्या मानल्या जातात. अमेरिकेतील सरकारी बचाव वकिलाच्या पदाचे मूळ त्यांच्या मांडणीत सापडते.

== प्रारंभिक जीवन ==
क्लारा यांचा जन्म इंडियाना राज्यात झाला. त्यांचे वडील एलियास शॉर्टरिज हे धर्मोपदेशक होते. वयाच्या पंधराव्या वर्षी क्लारा यांनी जेरेमाया फोल्ट्झ या सैनिकाशी विवाह केला. या दांपत्याला पाच अपत्ये झाली. पुढे हे कुटुंब कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे स्थायिक झाले. पतीने साथ सोडल्यानंतर मुलांच्या पालनपोषणाचा भार क्लारा यांच्यावर आला. व्याख्याने देऊन त्या अर्थार्जन करीत आणि उरलेल्या वेळात कायद्याचा अभ्यास करीत.

== वकिलीची सनद ==
कॅलिफोर्नियाच्या तत्कालीन कायद्यानुसार वकिलीची सनद केवळ गोऱ्या पुरुषांनाच मिळत असे. ही अट काढून तेथे ‘व्यक्ती’ असा शब्द घालणारे विधेयक फोल्ट्झ यांनी तयार केले व लॉरा डी फोर्स गॉर्डन यांच्या सहकार्याने त्यासाठी प्रयत्न केले. १८७८ मध्ये ते संमत झाले आणि त्याच वर्षी फोल्ट्झ यांना सनद मिळाली. हेस्टिंग्ज विधी महाविद्यालयाने स्त्री म्हणून प्रवेश नाकारला, तेव्हा त्यांनी न्यायालयात दाद मागितली. १८७९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र संसाराच्या जबाबदारीमुळे त्यांना तेथील शिक्षण पूर्ण करता आले नाही.

== सरकारी बचाव वकिलाची संकल्पना ==
त्या काळी वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपीसाठी न्यायालय उपस्थित वकिलांपैकी एखाद्याची नेमणूक करी. या कामाचा मोबदला मिळत नसल्यामुळे ते बहुधा नवशिक्या किंवा अनुत्साही वकिलांच्या वाट्याला येई. साक्षीदार शोधण्यासाठी वा तपासासाठीही पैसा नसे. याउलट सरकारी अभियोक्त्याला शासनाचा पगार आणि पोलीस यंत्रणेचे पाठबळ लाभे. स्वतः अशा अशिलांची बाजू मांडल्यामुळे फोल्ट्झ यांना ही विषमता जवळून ठाऊक होती.

१८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने विधिज्ञांची परिषद भरली होती. तेथे फोल्ट्झ यांनी या प्रश्नावर निबंध सादर केला. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो. त्यामुळे दोषी व्यक्तीस शिक्षा करविणे हे जसे राज्याचे कर्तव्य, तसेच निर्दोष व्यक्तीस वाचविणे हेही राज्याचेच कर्तव्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. अभियोक्त्याच्या तोडीचा बचाव वकील शासनाने नेमावा, अशी त्यांची मागणी होती. बचावाच्या साहाय्याला त्यांनी दानधर्म मानले नाही. निःपक्ष न्यायदानाचा तो आवश्यक खर्च होय, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. या धर्तीवर त्यांनी आदर्श विधेयकाचा मसुदा तयार केला व तो अनेक राज्यांच्या विधिमंडळांत मांडला गेला.

१९१४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत सरकारी बचाव वकिलाचे कार्यालय सुरू झाले. अशा स्वरूपाचे ते देशातील पहिले कार्यालय होय. १९२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने या पदाविषयी कायदा केला.

== उत्तरायुष्य ==
१९१० मध्ये फोल्ट्झ यांची लॉस एंजेलिस येथे उप-जिल्हा अभियोक्ता म्हणून नियुक्ती झाली; हे पद भूषविणाऱ्या त्या देशातील पहिल्या महिला होत्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्यांचा पुढाकार होता. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील स्त्रियांना हा अधिकार मिळाला. १९३० मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणूक लढविली. लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.

== वारसा ==
१९६३ मध्ये गिडियन विरुद्ध वेनराइट खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गंभीर गुन्ह्यातील निर्धन आरोपीस वकील पुरविणे राज्यांवर बंधनकारक ठरविले. त्यानंतर सरकारी बचाव वकिलांची कार्यालये देशभर वाढली. मात्र वकील देणे बंधनकारक झाले तरी त्यासाठी किती निधी द्यावा, हे त्या निकालाने ठरविले नाही. अभियोग आणि बचाव यांना तुल्यबळ साधने मिळावीत, ही फोल्ट्झ यांची मागणी त्यामुळे आजही चर्चेत आहे. २००२ मध्ये लॉस एंजेलिसमधील फौजदारी न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले.